ओल्या गोणपाटाची तोफ

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने व्हिक्सबर्गला वेढा घालून महिना होत आला होता. तेवढ्या काळात कॅप्टन लॅथ्रॉपच्या सहा तोफांनी मिसिसिपीच्या मातीला इतकं बडवलं होतं, की दुसरं कुणी असतं तर शरण आलं असतं. मातीचं मात्र काही बिघडलं नव्हतं. दिवसभर गोळे तटात घुसत, अंधार पडला की आतले दक्षिणेचे बंडखोर फावड्यांनी भोकं बुजवत आणि सकाळी कॅप्टन ताज्या उत्साहाने पुन्हा सुरुवात करी. तोफखान्याच्या धाकाने दिवसा पलीकडे कुणी डोकं वर काढत नसे, एवढं खरं. पण डोकं खाली ठेवूनही माणसाला बरेच दिवस काढता येतात.

उत्तरेचे शिपाई खंदक खणत खणत तटापासून पंचवीस पावलांवर पोचले, तेव्हा अडचण झाली. इतक्या जवळून सरळ मारा करणारी तोफ कुचकामी. हवी उखळी तोफ, गोळा वर उडवून पलीकडच्याच्या डोक्यावर टाकणारी. तशा तोफा नदीत नौदलाच्या तराफ्यांवर होत्या, एकेक हत्तीएवढी. हत्ती खंदकात येत नाही. म्हणून कॅप्टनने लाकडाची तोफ करायचं ठरवलं, आणि लाकूड म्हटल्यावर पलटणीतून ओबेद ट्रस्कला शोधून काढण्यात आलं.

ओबेद चव्वेचाळीस वर्षांचा. उत्तरेतल्या पिओरिया गावात वीस वर्षं त्याने व्हिस्कीची पिंपं बांधली होती. गम नावाच्या झाडाचा ओंडका पोखरून, त्यावर लोखंडी कडी चढवून त्याने तोफ केली. तिसऱ्या गोळ्याला ती फुटली आणि गुस्ताव नावाच्या गोलंदाजाची दोन बोटं घेऊन गेली. कॅप्टन रागावला नाही. त्याने फक्त नियम केला, की यापुढे तोफ डागताना ती करणारा शेजारी उभा राहील.

ओबेदला झोप लागेना. दोष त्याला कळत होता. लाकूड ओलं, ऊन जूनचं. लाकूड आकसतं, कडी सैल होतात, भेग पडते. उपाय काही सुचत नव्हता.

संध्याकाळी गोळीबार थांबला की दोन्ही खंदकांत गप्पा चालत. इकडून कॉफी फेकली जाई, तिकडून तंबाखू आणि शिव्या. त्या संध्याकाळी तटामागून एकाने विचारलं, "ए यँकी, दिवसभर ठोकाठोकी कसली चाललीय तुमची? शवपेट्या का?"

"पिंप करतोय," ओबेद म्हणाला. "पाण्याचं."

"लाकूड कुठलं?"

"गम."

पलीकडे कुणीतरी कपाळावर हात मारल्यासारखा आवाज झाला. विचारणाऱ्याचं नाव आसा. लुईझियानातल्या मळ्यांवर साखरेची पिंपं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. उपाशी होता, आठवडाभर खेचराच्या मांसावर होता, पण चुकीचं पिंप त्याच्याने सहन होईना. त्याने पंचवीस पावलांवरून ओबेदची शिकवणी घेतली. साल आधी पूर्ण काढायची. कडं गार चढवायचंच नाही. लाल तापवून चढवायचं, मग ते गार होताना स्वतःच लाकूड आवळतं. आणि वरून ओलं गोणपाट गुंडाळायचं, रात्रंदिवस.

"लाकडाला तहान लागू देऊ नकोस, बाबा," तो म्हणाला. "तुमच्याकडे उत्तरेत एवढंही शिकवत नाहीत?"

"तिकडे ओकचं लाकूड मिळतं."

"मग काय, तिथे कुणीही पिंपवाला होईल."

ओबेद हसला. त्यानंतरच्या तीन संध्याकाळी दोघे कड्यांबद्दल बोलले, थोडं बायकांबद्दल. तोफ घडत गेली. सार्जंट पहिल्यांदा भिजलेलं गोणपाट पाहून संतापला. तोफखान्याच्या पुस्तकात पाण्याची जागा तोफेपासून लांब सांगितली होती. ओबेदने त्याला सांगितलं, की पुस्तक लिहिणाऱ्याला तोफेशेजारी उभं करा, मग गोणपाट काढतो.

चौथ्या संध्याकाळी तोफ तयार झाली. सकाळी डागायची होती, आसा जिथून बोलत असे तटाच्या त्याच कोपऱ्यावर. खरं सांगावं तर फितुरी होत होती, न सांगावं तर दुसरंच काहीतरी होत होतं आणि त्याला लष्करी कायद्यात नाव नव्हतं.

"आसा, उद्या सकाळी तिथे बसू नकोस."

"का रे?"

"मागे जा. ओढ्यावर जाऊन पाणी आण."

"ओढ्यावर तुमचे नेमबाज बसलेत," आसा म्हणाला. "माझी जागा हीच, सावलीची. तू उद्या पिंप गळतं का ते सांग, मी इथेच आहे."

सकाळी ओबेद तोफेशेजारी उभा राहिला. पहिला गोळा उडाला. तोफ शाबूत. दुसरा, तिसरा, सातवा. गोणपाटातून वाफ निघत होती आणि लाकडाला केसाएवढीही भेग नव्हती. पलीकडे आरडाओरडा झाला, कुणीतरी जखमींसाठी झोळी मागत होतं, मग शांत झालं. महिनाभरात जे सहा तोफांना जमलं नव्हतं, ते एका ओंडक्याने तासाभरात केलं, असं कॅप्टन सगळ्यांना सांगत सुटला. अहवालात लिहायला त्याने विचारलं, की ही युक्ती कुणाची?

"आसा नावाच्या माणसाची, साहेब."

"कुठल्या पलटणीतला?"

"पलीकडच्या."

कॅप्टनने क्षणभर पेन थांबवलं आणि लिहिलं, 'स्थानिक कारागिराच्या सहकार्याने.'

संध्याकाळी ओबेदने हाक मारली. उत्तर वेगळ्याच, पोरगेल्या आवाजात आलं. "आसाकाका सकाळीच गेले. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही," ओबेद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने आणखी तीन तोफांचा हुकूम दिला. ट्रस्कवर आता पूर्ण भरवसा आहे, त्याने शेजारी उभं राहण्याची गरज नाही, असंही सांगितलं. म्हणजे आता कडं जरा सैल राहिलं तर ओबेदचं काही जाणार नव्हतं. जाणार होता आपल्याच बाजूचा, ओहायोचा कुणी शिपाई, नाहीतर उरलेल्या आठ बोटांचा गुस्ताव. ओबेद ओंडक्यासमोर दुपारपर्यंत बसून राहिला. मग उठला, साल काढली आणि पहिलं कडं भट्टीत घातलं.