काळी पाच

उपप्राचार्य गुरुशांत सरांनी टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सारला.

"खाजाभाई, वाचा. मंगळवार, साडेअकरा ते दीड. चेतना वाघमोडे, केमिस्ट्री प्रॅक्टिकल, हजर. आता हा दुसरा कागद. तोच मंगळवार, तीच वेळ, तीच पोरगी. संगीत, हजर. ही पोरगी आहे का वारं?"

खाजाभाई उभेच होते. समोर खुर्ची होती, पण बसा कुणी म्हणालं नव्हतं. दाराशी चेतना उभी होती. अंगात लॅबचा पांढरा ॲप्रन, खिशाजवळ आयोडिनचा तांबूस डाग.

"आणि हा एक मंगळवार नाही. अख्खं सेमिस्टर. आता हजेरी ॲपवर चढवायला लागलो म्हणून सापडलं."

बोलायची खाजाभाईंना सवयच नव्हती. मुलींच्या या कॉलेजात ते तबल्याचे साथीदार होते, आणि असं एक पद असतं हे कॉलेजातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. मॅडम शिकवणार, पोरी गाणार आणि हा माणूस बाजूला बसून ठेका धरणार. तेहतीस वर्षांच्या स्नेहसंमेलनांच्या फोटोंत ते आहेत. म्हणजे एका फोटोत कोपर आहे, एकात गुडघा आहे, आणि एकात नुसताच तबला आहे.

मग नवं शैक्षणिक धोरण आलं. एक मुख्य विषय आणि जोडीला आवडीचा एक मायनर. निवडीचं स्वातंत्र्य म्हणून गेटवर फ्लेक्स लागला. यादीत अकरा विषय होते आणि शिकवायला माणसं चार. अकरा वाट्या मांडायच्या, त्यातल्या सात रिकाम्या ठेवायच्या आणि पाहुण्याला म्हणायचं, घ्या हवं ते! त्यात कॉलेजनं आपला नियम घुसडला, दहा पोरी नसतील तर विषय बंद. संगीताला नऊ पोरी झाल्या होत्या. दहावी पोरगी जुलैत दारात येऊन उभी राहिली.

"गान्याचं हितंच का?"

"हितंच. तू केमिस्ट्रीवाली दिसतेस. लॅब वर आहे, जिना चढ."

"वरनंच आले सर. मायनरला हे लिवलंय मी."

"पर्यावरण घे की बेटा. पाठ करायचं, लिहायचं, सुटायचं. सगळ्या तेच घेतात."

"केमिस्ट्री लई जीव काढती सर. करायचीच हाय ती. श्रीपूरला साखर कारखान्याच्या लॅबमदी लागायचं हाय मला. पर आटवड्यात दोन-चार तास आसं पायजे की, जिथं जाताना पोटात गोळा येत न्हाय."

सर. तेहतीस वर्षं लोक त्यांना खाजाभाई म्हणाले, तबलावाले म्हणाले, एक प्राचार्य तर 'अहो ते' म्हणायचे. सर म्हणणारी ही पहिली. मोडनिंबची पोरगी, बाप हायवेवर टायरची पंक्चरं काढतो, आणि आली ती थेट सर म्हणत.

त्यांनी तिला गायला सांगितलं आणि पेटीवर तिची पट्टी शोधली. काळी चारला आवाज दबून बसला होता. काळी पाच धरली आणि पोरीचा गळा असा उघडला की तासाला आलेल्या, गाणं शिकवणाऱ्या रत्नम्मा मॅडमनी पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. खाजाभाईंनी लहान तोंडाचा तबला पुढं ओढला आणि हातोडीनं वादीतले लाकडी गट्ठे ठोकत तो तिच्या पट्टीत आणला. त्या दिवसापासून तो तबला काळी पाचलाच राहिला. रोज सकाळी आल्याआल्या, कुलूप निघालं की पहिलं काम तो त्या सुरात लावायचं.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी वेळापत्रक लावणाऱ्यानं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आणि संगीत एकाच वेळेला ठेवलं. का? तर लावणाऱ्याला सोयीचं पडलं म्हणून. चेतना कागद घेऊन आली. विषय सोडायचा अर्ज होता.

"प्रॅक्टिकल सोडलं तर नापास करत्यात सर. काय करू?"

ती गेली की उरणार नऊ. विषय बंद. आणि खाजाभाईंनी निवृत्तीपर्यंतचे महिने ग्रंथालयात पुस्तकांना लेबलं चिकटवत बसायचं.

"डब्याच्या सुट्टीत ये. मी असतो. हजेरीचं मी बघतो."

हे निम्मं तिच्यासाठी होतं आणि निम्मं स्वतःसाठी. किती निम्मं कुणासाठी, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. रत्नम्मा मॅडम तासाच्या मानधनावर, अक्कलकोटची बस गाठायच्या घाईत कोऱ्या तक्त्याखाली सही करून जायच्या. हजर-गैरहजरचे पी-ए भरायचं काम खाजाभाईंकडंच होतं.

चेतना सुट्टीत यायची. हाताला लॅबचा वास. भाकरीचा तुकडा उभ्या उभ्याच मोडायची आणि बसायची. बाकीच्या नऊ जणी तासाला मोबाईल बघायच्या, ही अर्ध्या पोटी पाऊण तास गायची.

"सर, तुमचा ठेका आज लई म्हाताऱ्यावानी चाललाय."

"ठेका नाही, मी म्हातारा झालोय. तू आधी समेवर ये, मग मला नावं ठेव."

"येते की. तुमी पळू नका म्हंजे झालं."

असं चाललं होतं. आणि आता टेबलावर ते दोन कागद.

"सुट्टीत गात होती ती," खाजाभाई शेवटी म्हणाले. "इतर पोरींपेक्षा जास्त गायलीय."

"सुट्टीतलं गाणं हजेरीत कसं धरायचं? मला एवढंच सांगा. हे करायला कुणी सांगितलं?" गुरुशांत सर दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. "तुमच्या डोक्यातून निघालं असेल तर मेमो. एप्रिलला रिटायर होताय, पेन्शनचे कागद पुढं गेलेत. ते अडकतील, मी काही करू शकणार नाही."

उत्तर एका ओळीचं होतं. मी सांगितलं. तोंडात आलंही होतं. पण सकाळी डबा हातात देताना बायको, शमशाद, म्हणाली होती, "कागजां पुणे गये हैं जी, अब किसी से उलझो नक्को." खाजाभाईंनी जमिनीकडं बघितलं. एक मात्रा गेली, दोन गेल्या. सोळा मात्रांचं अख्खं आवर्तन गेलं असेल.

"मीच म्हन्ले सर," दाराकडून आवाज आला. "खाजासर नगं म्हनत हुते. मीच मागं लागले."

खाजाभाईंनी मान वर केली. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. आता तरी म्हणायचं होतं, पोरगी खोटं बोलतेय. नाही म्हणाले. तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या गाण्याला साथ दिली, आणि एका पोरीनं त्यांच्यासाठी उभं राहून खोटं गायलं तेव्हा त्यालाही गप्प बसून साथ दिली. याला भित्रेपणा म्हणतात. दुसरं नाव नाही.

पुढचं झटपट झालं. चेतनाची संगीताची हजेरी शून्य, विषय रद्द. तिला पर्यावरणात टाकलं आणि मागल्या सेमिस्टरचे पेपर नव्यानं द्यायला लावले. पर्यावरणाला शिक्षक नव्हता, मोबाईलवर पीडीएफ यायची. उरल्या नऊ जणींचा विषय बंद झाला, त्यांना कुठंकुठं वाटून दिलं. रत्नम्मा मॅडमना पुढच्या तासिका मिळाल्या नाहीत. दोन विषयांची वेळ एकत्र ठेवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

मार्चमध्ये ती जिन्यात भेटली. हातात जर्नलांचा गठ्ठा.

"बेटा, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ द्या सर. मी म्हन्ले त्यात खोटं काय हुतं? मला गायचंच हुतं की."

"आता कुठं गातेस?"

"कुटं गानार? दिवसभर तोंडात पिपेट." ती हसली. खाजाभाईंना हसता आलं नाही. "जाते सर. टायट्रेशन लावून आलेय." गठ्ठा छातीशी धरून ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

तीस एप्रिलला निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. या फोटोत खाजाभाई मधोमध होते. गुरुशांत सर बोलले, "शांत माणूस. तेहतीस वर्षांत कुणाला त्रास नाही." मग माईक खाजाभाईंच्या हातात दिला. तो त्यांनी आजवर फक्त तबल्याजवळ लावला होता, तोंडाजवळ कधी आला नव्हता.

"चेतना वाघमोडे सरांच्या केबिनमध्ये खोटं बोलली," ते म्हणाले. "माझ्यासाठी. हजेरी मी लावली. मी तिला सांगितलं होतं. तेव्हा बोललो नाही. एवढंच."

पंखे फिरत होते. मागच्या रांगेत चहाचे कप वाटणं चालू होतं. गुरुशांत सरांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं आणि टाळी पहिल्यांदा त्यांनीच वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. भाषण लहान झालं म्हणून जरा जोरातच वाजवल्या. चेतना तिथं नव्हती. विद्यापीठाचं प्रॅक्टिकल होतं, वर.

किल्ली द्यायच्या आधी खाजाभाई संगीताच्या खोलीत गेले. पेटीवर कापड टाकलं. डग्गा कोपऱ्यात ठेवला. लहान तबला तेवढा उरला. सोलापूरचा उन्हाळा, कुलूपबंद खोली. कातडं तापून आपोआप चढतं, आणि ताणलेला तबला असाच ठेवला तर एखाद्या दुपारी एकटाच फुटतो. ते त्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

खाली बसले, शाल बाजूला ठेवली. बोटानं एकदा वाजवला. स्वच्छ, काळी पाच. वर लॅबमध्ये कुणीतरी स्टूल सरकवलं.

त्यांनी हातोडी घेतली आणि एकेक गट्ठा वर ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला सूर थोडा उतरत गेला. काळी चार. मग त्याच्याही खाली, जिथं पट्टीला नाव नसतं. शेवटचा गट्ठा ढिला झाल्यावर त्यांनी तळवा कातड्याच्या पुडीवर ठेवला. तेव्हा त्या तबल्यावर कुणाचीच पट्टी राहिली नव्हती.

त्यांनी त्याला गवसणी घातली, नाडी बांधली, आणि किल्ली द्यायला उठले.