पाचव्या उत्तराची जागा

मित्रांनो, भिंतीवरचा फळा जन्मभर एका जागी उभा असतो. माझ्या नशिबी ते नव्हतं. मी एक जुना गुंडाळी फळा आहे. चटईसारखा गुंडाळून काखेत मारायचा, बसमधून न्यायचा, वर्गात खिळ्याला अडकवायचा आणि तास संपला की पुन्हा गुंडाळायचा, अशातला. आज मी एका शाळेत कपाटामागे उभा आहे. माझ्या कडांचे पोपडे निघालेत, मधोमध एक लांब भेग आहे. पण खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने आखलेला एक रिकामा चौकोन आहे, तो मात्र अजून ठसठशीत आहे. तुम्ही विचाराल, रिकाम्या चौकोनाचं एवढं काय? तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म एका पेंटरच्या घरी झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. त्याची एकुलती एक मुलगी तेव्हा शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. तिला शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचे होते आणि त्यासाठी प्रत्येकीला स्वतःचा फळा लागायचा. बाकीच्या मुलींनी दुकानातून आणले. पेंटर म्हणाला, "पेंटरच्या पोरीने फळा विकत आणायचा? लोक माझ्या तोंडात शेण घालतील." त्याने जाड कापड ताणून घेतलं, खडू धरावा म्हणून काळ्या रंगात बारीक पूड कालवली आणि तीन दिवसांत रंगाचे तीन हात दिले. वर-खाली दोन गोल काठ्या बसवल्या, वरच्या काठीला दोरी बांधली. मी वाळल्यावर त्याने माझ्यावरून बोट फिरवलं आणि हाक मारली, "या मास्तरीणबाई, घ्या तुमचं बाळ!"

तो तिला लहानपणापासून मास्तरीणबाईच म्हणायचा. तिने मला मांडीवर घेतलं. खरंच, मांडीवर.

त्याच आठवड्यात तिला एक निबंध लिहायला सांगितला होता, 'माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान'. तीन पानं झालीच पाहिजेत, असा दंडक. तिने थोडं पुस्तकातून घेतलं, थोडं मागच्या वर्षीच्या मुलींच्या वहीतून उतरवलं आणि मला भिंतीला टांगून माझ्यापुढे उभं राहून मोठ्याने वाचलं. बालक हा शिक्षणाचा केंद्रबिंदू, शिक्षक हा केवळ दिशा दाखवणारा, असं बरंच काही. पेंटर शेजारी बसून चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता.

"झकास आहे," तो म्हणाला. "पण मास्तरीणबाई, माझ्या पाटीवर नाही मावायचं हे."

"बाबा, ही काय चपलांची पाटी आहे?"

"तसं नाही गं. पण जे पाटीवर मावत नाही ते माणसाच्या ध्यानात राहत नाही, एवढं मला कळतं. एका ओळीत सांग, वर्गात जाऊन तू करणार काय?"

"सांगेन नंतर," ती फणकाऱ्याने म्हणाली. तिला त्या निबंधाला चांगले गुण मिळाले. ती एक ओळ मात्र राहूनच गेली.

सरावासाठी तिला तिसरीचा वर्ग मिळाला. पस्तीस मुलं, एक खिडकी आणि खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी. ती वर्षाच्या मधेच शाळेत आली होती. तिचे वडील जवळच्या एका बांधकामावर राखणदार होते आणि तिथेच पत्र्याच्या खोलीत ते सगळे राहायचे. ती वर्गात बोलायचीच नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मुलांनी तिचं नाव 'कुलूप' पाडलं होतं. "ए कुलूप, किल्ली हरवली का गं?" असं म्हणून सगळी खिदळायची. ती पाटीवर रेघा ओढत बसायची.

मला गुंडाळायला दोन माणसं लागतात, मित्रांनो. एकाने वरची काठी फिरवायची, दुसऱ्याने खालची ताणून धरायची. एके दिवशी तास संपल्यावर आमच्या मास्तरीणबाईंनी त्या मुलीलाच बोलावलं, "बाळ, तेवढं टोक धरतेस?" ती आली. दुसऱ्या दिवशी न बोलावता आली. मग रोजच येऊ लागली. तिचे हात खरखरीत होते, पण मला धरायची ती अगदी अलगद. आठवड्याभराने, बाई मला भराभर गुंडाळत असताना, एक बारीक आवाज आला.

"बाई, इतका घट्ट नका गुंडाळू. चिरा पडतात."

बाईंचे हात थांबले. "तुला गं कसं ठाऊक?"

"आमची ताडपत्री अशीच गेली. सारखी गुंडाळून गुंडाळून."

त्या मुलीचं शाळेतलं पहिलं वाक्य माझ्या काळजीचं होतं. आयुष्यात माझं खूप कौतुक झालं, पण तेवढं सुख मला पुन्हा कशाने झालं नाही. बाई त्या दिवशी घरी गेल्या ते नाचतच. "बाबा, ती बोलली!" पेंटरने ब्रश डब्यात टाकून टाळ्या वाजवल्या.

मग आला परीक्षेचा पाठ. बाहेरचे परीक्षक येऊन मागच्या बाकावर बसणार, पाठ बघणार आणि त्यावर बाई शिक्षिका होणार की नाही ते ठरणार. विषय होता 'झाडाची वाढ'. आधीच्या आठवड्यात बाईंनी प्रत्येक मुलाकडून डब्यात घेवड्याचं बी पेरून घेतलं होतं. पस्तीस डबे खिडकीत ओळीने मांडले होते.

अशा पाठाचं आधी टाचण काढावं लागतं. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे बाई विचारणार तो प्रश्न, उजवीकडे मुलांचं अपेक्षित उत्तर. म्हणजे मुलाने तोंड उघडायच्या आधीच त्याचं उत्तर लिहून तयार! बाईंचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी माझ्यावरही चार उत्तरं आधीच लिहून ठेवली, पाणी, माती, हवा, ऊन. प्रत्येक उत्तरावर कागदाची पट्टी चिकटवली. मुलाने बरोबर उत्तर दिलं की पट्टी ओढायची आणि खाली उत्तर हजर. मुलांना ती जादूच वाटे. मलाही त्या पट्ट्यांचा अभिमान होता. चार प्रश्न, चार पट्ट्या, चार उत्तरं. माझ्यावर पाचव्याला जागा नव्हती, हे मला त्या दिवशी खटकलं नाही.

पाठ सुरू झाला. "झाडाला वाढायला काय काय लागतं?" पाणी आलं, पट्टी निघाली. माती आली. हवाही आली. एकच पट्टी उरली होती. परीक्षक खाली मान घालून लिहीत होते. आणि खिडकीजवळचा हात वर झाला.

बाईंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! बाकी वीस हात वर होते, पण बाईंना तो एकच दिसला. "सांग, बाळ."

ती उभी राहिली. आधी खिडकीतल्या डब्यांकडे बघितलं, मग बाईंकडे.

"झाडाला एका जागी राहायला मिळायला लागतं, बाई."

मग कुणीतरी ओरडलं, "कुलूप उघडलं रे!" आणि हशा पिकला. परीक्षकांनी मान वर केली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तरी काय दाखवणार होतो? माझ्याजवळ एकच पट्टी होती आणि तिच्याखाली 'ऊन' होतं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"असं नसतं उत्तर. नीट विचार करून हात वर करावा. बस खाली."

ती बसली.

"ऊन!" पुढच्या बाकावरून आवाज आला. "शाबास!" पट्टी निघाली. पाठ ठरल्या वेळेत संपला.

परीक्षक जाताना म्हणाले, "फलकलेखन उत्तम. वेळ छान सांभाळलात. ती एक मुलगी विषय सोडून बोलली, तिलाही छान आवरलंत."

कधी एकदा घरी जाऊन बाबांना सांगते असं झालं होतं बाईंना. ती मुलगी नेहमीसारखी आली आणि माझं टोक धरून उभी राहिली. बाईंनी मला भराभर, घट्ट गुंडाळलं. त्या दिवशी तिने 'घट्ट नका गुंडाळू' म्हटलं नाही. माझ्या पोटात काहीतरी कट्‌ दिशी तुटलं. ही मधली भेग त्या दिवसाची आहे.

घरी बाईंनी सगळा पाठ पेंटरला करून दाखवला. तोही कौतुकाने ऐकत होता. "आणि ती गप्प पोरगी? ती बोलली का आज?"

"बोलली हो, पण काहीतरीच. म्हणे, झाडाला एका जागी राहायला..." आणि बाई मधेच थांबल्या.

पेंटर हसून म्हणाला, "मग बरोबरच आहे की! रोप सारखं उपटून इथून तिथे लावलं तर जगेल होय?"

बाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. पेंटरचं हसू मावळलं. "काय म्हणालीस तू तिला?" त्याने हळूच विचारलं. बाईंनी मला उलगडलं. पट्ट्यांचा डिंक अजून माझ्यावर तसाच होता.

मधे एक सुट्टीचा दिवस होता. तो कसा गेला ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यानंतरच्या सकाळी बाई शाळा उघडण्याआधीच फाटकाशी उभ्या होत्या, मला छातीशी धरून. मुलं आली. प्रार्थना झाली. खिडकीजवळचा बाक रिकामाच राहिला.

"ती गेली, बाई," तिच्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली. "बिल्डिंग पुरी झाली ना त्यांची. कालच टेम्पोत सामान भरलं."

"कुठे गेली?"

"तिला पण माहीत नव्हतं."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. पस्तीसच्या पस्तीस डबे जागेवर होते. तिच्या डब्यात घेवड्याला दोन पानं फुटली होती.

"डबा नाही नेला तिने?"

"नाही. म्हणाली, बाईंना सांग, माझा डबा हलवू नका."

मित्रांनो, मी त्या वेळी बाईंच्या हातात होतो. माझ्यावर पाण्याचे थेंब पडले आणि खडूची पूड ओघळली. चौतीस मुलांपुढे बाईंनी डोळे पुसले नाहीत की लपवले नाहीत. "तिचं उत्तर बरोबर होतं," त्या मुलांना म्हणाल्या. "मी चुकले." पण ज्या कानांनी ते ऐकायला हवं होतं ते कान तिथे नव्हते. मधल्या सुट्टीत त्या बांधकामावर जाऊन आल्या. पत्र्याची खोली काढून नेली होती. जमिनीवर तिचा चौकोन तेवढा उमटून राहिला होता, आतली माती कोरडी आणि बाहेर गवत. नव्या राखणदाराला काही ठाऊक नव्हतं. ठेकेदाराच्या माणसाने दोन फोन केले आणि खांदे उडवले. दहा दिवसांनी सरावाचे दिवस संपले. तोवर बाई रोज त्या डब्याला पाणी घालत होत्या, तो न हलवता. पुढे त्या वेलाचं काय झालं, मला ठाऊक नाही.

सराव संपल्यावर त्यांनी मला पेंटरसमोर ठेवलं. "बाबा, तुम्ही एक ओळ विचारली होती ना? ओळ नाही सुचली. इथे एक चौकोन आखून द्या. न पुसला जाणारा."

"आणि आत काय लिहू?"

"काही नको. आत काय येईल ते मला आधी ठाऊक नसणार."

पेंटरने बारीक ब्रश घेतला. इतक्या पाट्या रंगवलेला माणूस, पण त्या चार रेघा त्याने पट्टी लावून, थांबून थांबून ओढल्या. रेघा सुकल्यावर तो म्हणाला, "हे मावलं बघ पाटीवर."

पुढे बाई शिक्षिका झाल्या. मी कितीतरी वर्गांच्या भिंतींवर टांगलो गेलो. अपेक्षित उत्तरं माझ्यावर असायचीच, पण ज्या उत्तराला पट्टी नसे ते बाई त्या चौकोनात जसंच्या तसं लिहायच्या. "नदी कुठे जाते?" एक मुलगा म्हणाला होता, "आमच्या घरात." "सुट्टी कशासाठी असते?" एकजण म्हणाली, "बाबांना बघायला." कुणी हसलं तर बाई खडू खाली ठेवून नुसत्या थांबायच्या. हसू आपोआप विरायचं. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हा चौकोन कसला? परीक्षेत येतो का?" बाई म्हणाल्या, "माझ्या परीक्षेत आला होता, सर. मी नापास झाले." मुख्याध्यापकांना वाटलं, बाई विनोद करतात.

मग पेंटर गेला. वर्गात मोठे चकचकीत पडदे आले, बोट लावलं की चित्र. माझी रवानगी कपाटामागे झाली. धूळ बसली, एका काठीला वाळवी लागली. माझी तक्रार नाही. पण वर्षातून एकदा, त्या परीक्षेच्या तारखेला, बाई मला बाहेर काढतात. त्यांचे केस आता पांढरे झालेत. त्या मला टांगतात, चौकोनात ते एक उत्तर लिहितात आणि शेवटची घंटा होईपर्यंत राहू देतात. मग स्वतःच्या हाताने पुसतात आणि मला गुंडाळतात, सैलसर. मुलं धावत येतात, "बाई, टोक धरू?" बाई मान हलवतात. खालची काठी गुडघ्याने दाबून एकट्याच गुंडाळतात. ते टोक त्यांनी पुन्हा कुणाला धरू दिलेलं नाही.

मित्रांनो, फळा पुसायचा असतो, मला ते ठाऊक आहे. पण पुसण्याआधी एकदा वाचा. तुमच्या वर्गात वर्षाच्या मधे कुणी आलं, गप्प बसलं, आणि एके दिवशी त्याचा हात वर झाला, तर हसू नका. तो हात वर यायला किती दिवस लागलेत, तुम्हाला ठाऊक नसतं. आणि तो पुन्हा वर येईलच असंही नसतं.

अजून एक काम आहे, जमलं तर करा. ती मुलगी आता मोठी झाली असेल. कदाचित तुमच्यापैकी कुणाची आई असेल. आज घरी गेलात की आईला सहज विचारा, 'आई, झाडाला वाढायला काय काय लागतं गं?' ती पाणी म्हणेल, माती म्हणेल, हवा म्हणेल, ऊन म्हणेल. तेवढ्यावर उठू नका, थोडं थांबा. ती गप्प झाली, खिडकीकडे बघू लागली आणि पाचवं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलंय असं वाटलं, तर तिला सांगा, तुझ्या बाई ते अजून दर वर्षी लिहितात. ते बरोबर होतं.