सवतीची टिकटिक

सासऱ्यांची जुनी गाडी सुरू झाली की बाळ झोपतं, हा शोध लागला तेव्हा सुनेला सासऱ्यांबद्दल पहिल्यांदाच अगदी आतून माया वाटली. एरवी हे बाळ झोपेशी हाडवैर घेऊनच जन्माला आलेलं. पाळण्यात नको, मांडीवर नको, खांद्यावर टाकून घरभर फिरवलं तरी डोळे टक्क उघडे, जणू घराची तपासणी करायला आलेले साहेब. पण मागच्या शेडमध्ये इंजिन धडधडलं आणि त्यातून ती बारीक टिकटिक उमटली, की खिडकीच्या आतल्या बाजूला साहेबांची मान कलायची.

गाडी वयाने सासऱ्यांच्या बरोबरीची. सासूबाई तिला सरळ 'सवत' म्हणायच्या. निवृत्त झाल्यापासून सासरे सकाळचा चहा झाला की तिच्या बॉनेटखाली जे गडप व्हायचे, ते जेवायला हाक मारली की बाहेर यायचे, तेही कपाळाला ग्रीस लावून.

"सवतीला तेल पाजून झालं असेल तर दोन थेंब स्वतःच्या टाळूला लावा," सासूबाई म्हणायच्या. "तिथेही गंज चढतोय."

सून मात्र जात्याच काळजीची गिरणी. बाळाच्या अंगाला पावडर लावण्याआधी ही त्या पावडरीची मुलाखत घेते, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नवरा परगावी नोकरीला. फोनवर "तू उगाच घाबरतेस" एवढं म्हणण्यापुरता संसारात. त्यामुळे लक्ष ठेवायचं खातं तिच्याकडेच होतं. आणि लक्ष ठेवता ठेवता तिला दिसलं, की टिकटिक फक्त इंजिन थंड असतानाच होते. ते तापलं की टिकटिक विरते, आणि ती विरली रे विरली की खोलीत भोकाड. हे रोज, न चुकता.

काल तसं झालं नाही.

काल सासऱ्यांनी सगळ्यांना गाडीतून एक चक्कर मारून आणली होती. आज जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्याची ही रंगीत तालीम. वारा होता म्हणून काचा वर. थोड्या वेळाने टिकटिक थांबली, पण बाळ उठलं नाही. गाडी खड्ड्यात आदळली, हॉर्न वाजला, सासूबाई सासऱ्यांवर ओरडल्या, बाळ ढिम्म. सुनेचं स्वतःचं डोकं जड झालेलं. घाबरून तिने काच खाली केली, बाळाचे तळवे खसाखसा चोळले, तेव्हा कुठे त्याने डोळे किलकिले केले.

"आजोबांच्या गाडीत राजासारखा झोपला लेकाचा!" सासरे खूश.

सुनेने मात्र रात्र कुशी बदलण्यात घालवली. आणि आता सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, मिशांना पीळ देऊन शेडमध्ये उभे होते, तर ही दारात. बाळ लांब, अंगणाच्या पार टोकाला, सासूबाईंच्या कडेवर. सुनेच्या हातात पावडरीचा डबा.

"बाबा, बाळ आज या गाडीत बसणार नाही."

"का? गाडीला काय रोग आलाय?"

"इंजिनातून धूर बाहेर येतोय. थंड असताना फट असते म्हणून टिकटिक, तापल्यावर लोखंड फुगून फट बुजते म्हणून गप्प. तोपर्यंत तो धूर आत आपल्या नाकात जातो. त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो, नुसती झोप येते."

"हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"पाळण्याशेजारी बसलं की कळतं."

"अगं, जुन्या गाड्या टिकटिक करत नाहीत, बोलतात!"

"मग काय म्हणतेय ते ऐका तरी," अंगणाच्या टोकावरून सासूबाई. "माझं नाही ऐकलंत कधी."

सुनेने बॉनेटखाली हात घातला. इंजिनाच्या कडेला जाडजूड ओतीव नळ्या होत्या, धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे नेणाऱ्या. सासरे त्यांना मोठ्या अदबीने 'मॅनिफोल्ड' म्हणायचे. त्या जिथे इंजिनाला बोल्टांनी जखडल्या होत्या, त्या जोडावर तिने पावडर भुरभुरली.

"अगं अगं अगं! पॉलिश केलंय ते!"

"सुरू करा."

सासऱ्यांनी गाडी सुरू केली आणि बाळाच्या पावडरीने बरबटलेली आपली लाडकी बघायला ते बॉनेटखाली वाकले. टिक, टिक, टिक. शेवटच्या कोपऱ्यातल्या बोल्टापाशी पावडरीचा फवारा उडाला आणि थेट मिशीत बसला.

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. त्या कोपऱ्यातल्या बोल्टाला पाना न लावता नुसती बोटं लावली. बोल्ट फिरला.

"मी स्वतः आवळले होते," ते पांढऱ्या मिशीतून म्हणाले.

"मग सुटले कसे?"

"तापतात, निवतात, तापतात, निवतात. सुटणारच. म्हणून तर खाली या पत्र्याच्या पट्ट्या असतात. टोकं वर दुमडून बोल्टाच्या डोक्याला टेकवायची, की बोल्ट जागचा हलत नाही."

सुनेने वाकून पाहिलं. पट्ट्या आरशासारख्या लखलखत होत्या, आणि एकेक टोक सपाट होतं.

"दुमडली का नाहीत?"

सासऱ्यांनी नखांतलं ग्रीस काढायला घेतलं. "महिनाभर घासल्यात गं त्या. छिन्नी लागली की ओरखडा पडतो. परीक्षक बॅटरी मारून बघतात आतमध्ये."

"वा!" सासूबाई कडाडल्या. "नातू गुदमरला तरी चालेल, सवतीच्या दागिन्याला ओरखडा नको!"

सासऱ्यांनी एका सपाट टोकावरून अंगठा फिरवला. सुनेलाच कसंनुसं झालं. "बाबा, तुम्ही काचा उघड्या ठेवून जाऊन या. आम्ही थांबतो घरी."

त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग अंगणाच्या टोकाला, जिथे साहेब आजीचा चष्मा ओढत होते.

"आणि तिथे मिरवू कोणापुढे? परक्यांपुढे?" त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला. "जोडाच्या मध्ये घालायचं ते नवं गॅस्केट दे, फळीवरचं. बसवलं की मधून सुरुवात करून कडेकडेला आवळत जायचं. मग इंजिन तापवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, पुन्हा आवळायचं, आणि मगच टोकं दुमडायची. प्रदर्शन तोवर उरकलेलं असेल."

"हे सगळं तुम्हाला माहीत होतं?"

"तर! म्हणून काय रोज करायचं?"

दुपारी इंजिन निवल्यावर त्यांनी छिन्नी धरली. प्रत्येक ठोक्याला त्यांचा चेहरा असा व्हायचा, की दाढ गाडीची नाही, त्यांचीच काढताहेत. सुनेने एकेका टोकाला बोट लावून बघितलं. पुन्हा पावडर टाकली. गाडी सुरू झाली. पावडर जागची हलली नाही. टिकटिक नव्हती.

उन्हं कलल्यावर सगळे चक्कर मारायला निघाले. काचा मात्र सुनेने उघड्याच ठेवायला लावल्या, पूर्ण विश्वास टाकायची तिला सवय नव्हती. कोपरा वळेपर्यंत बाळाने कान टवकारून वाट पाहिली आणि मग जो गळा काढला, तो पुढच्या चौकातल्या लोकांनी माना वळवून ऐकला. सासरे ओरडून विचारत होते, गाडी कशी चाललीय म्हणून. सासूबाई ओरडून सांगत होत्या, ऐकू येत नाही म्हणून.

"अगं, गप्प कर ना त्याला!"

सून सीटला पाठ टेकून बसली होती, कधी नव्हे ती निवांत.

"राहू द्या आई," ती म्हणाली. "चांगला टक्क जागा आहे."