बचनागाची पाटी

मी एक जुनं, मानी झुडूप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. गोडगोड बोलणाऱ्या फुलाची गोष्ट हवी असेल तर शेजारी गुलाब आहे, त्याच्याकडे जा.

कॉव्हेंट्रीतल्या एका घराच्या मागच्या बागेत, कुंपणाला पाठ लावून मी उभी असते. इथले लोक मला वुल्फ्सबेन म्हणतात, म्हणजे लांडग्यांचा काळ. तुमच्या हिमालयात माझे नातलग आहेत, त्यांना बचनाग म्हणतात. उन्हाळा सरता सरता मला निळीजांभळी फुलं येतात, प्रत्येक फूल डोक्यावरून पदर घेतल्यासारखं. दिसायला मी खानदानी आहे आणि पानापासून कंदापर्यंत विषारी आहे. ते मी कधी लपवलेलं नाही.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण घराण्याचा इतिहास मला पाठ आहे. आमच्यात आईचा कंद वर्षभर राबतो आणि सडून जातो. जाता जाता कुशीत लेकीचा कंद ठेवतो आणि सगळं सांगून जातो. पूर्वी माणसं माझं विष मांसात घालून लांडग्यांसाठी ठेवत. लांडगे मेले. मारले माणसांनी, नाव झालं माझं. पुढे या देशातले लांडगे संपले, भ्यायला काही उरलं नाही, तेव्हा माणसांनी पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाच्या गोष्टी घोळवायला घेतल्या आणि त्यातही मला ओढलं. कुणी म्हणे, माझा तुरा दाराला बांधला की तो पळतो. कुणी म्हणे, मला हुंगलं की चांगला माणूस लांडगा होतो. कुणी म्हणे, त्याचं औषधही मीच. अरे, एक काहीतरी ठरवा! इतकी वर्षं इथे उभी आहे, एक लांडगामाणूस फिरकला नाही. येतात ती साधी माणसंच, आणि त्यांचंच मला जास्त भय.

मला इथे लावलं मिसेस हॉलिस यांनी. बाई कडक होत्या. हातमोज्यांशिवाय मला कधी शिवल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायाशी काळ्या दगडाची पाटी रोवली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, ‘विषारी. हात लावू नये.’ नातवंडं आली की आधी त्यांना पाटीपाशी उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या, मग बिस्किटं. पंचवीस वर्षांत कुणाला साधी खाजसुद्धा सुटली नाही. शेजारपाजारचे लोक माझी फुलं बघायला यायचे, हात मागे बांधून. याला म्हणतात मान.

मग बाई थकल्या. घर अंबरीश आणि वरदा या मराठी जोडप्याने घेतलं. किल्ल्या देताना हॉलिसबाई काठी टेकत अंबरीशला माझ्यापर्यंत घेऊन आल्या आणि माझा स्वभाव समजावून सांगितला. तो “येस, येस, लव्हली,” म्हणत होता. डोळे फोनमध्ये.

पुढचं ऐका. हॅलोवीन आलं, इथला भुताखेतांची सोंगं काढायचा सण. त्यांची नऊ वर्षांची लेक ईरा, तिच्या वर्गातली मुलं पार्टीला येणार होती. माझ्या नावात लांडगा आहे एवढं अंबरीशला कुठेतरी वाचायला मिळालं, आणि त्याला कोण आनंद! त्याने माझी दगडी पाटी उपटली आणि तिथे लाकडी फळी ठोकली. पिवळ्या डोळ्यांचा, लाळ गाळणारा लांडगा, आणि खाली अक्षरं, ‘लांडगामाणसांना प्रवेश बंद’. मुलं खिदळली. एकट्या ईराने शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझ्याबद्दल खरंखुरं वाचून काढलं. हॅलोवीन संपलं, फळी तशीच राहिली. आणि माझी पाटी? ती गेली डगमगत्या बार्बेक्यूच्या पायाखाली!

वर्ष तसंच गेलं. सप्टेंबरात गणपती आले.

पूजा सांगायला लंडनच्या स्टॅनमोरहून कस्तुरीकाकू आल्या, अंबरीशच्या काकू. चाळीस वर्षं या देशात, पण गणपतीला एकवीस पत्री वाहिल्याशिवाय पाणी पीत नाहीत. इथे कुठली शमी आणि कुठला आघाडा? काकू बागेत फिरून पानं जमवतात. हे मरव्याच्या जागी, ते डोरलीच्या जागी, देव समजून घेतो. त्या दिवशी वीस पानं झाली आणि निळ्या फुलांची विष्णुक्रांता अडली. तेवढ्यात त्यांना माझी निळी फुलं दिसली.

“अंबरीश, हे निळं काय रे? आणि हे कुत्रं कसलं रंगवलंयस?”

“कुत्रं नाही काकू, वेअरवुल्फ! तो पोरांचा जोक आहे. घ्या तुम्ही, कितीही घ्या.”

मी ओरडले असते. पण मला तोंड कुठे आहे? माझं तोंड ती पाटी होती. काकूंनी उघड्या हातांनी माझे तीन तुरे कचाकचा तोडले.

तोडलेला तुरा लगेच मरत नाही, म्हणून आतलं सगळं मी पाहिलं. तबकात मी, समोर मूर्ती, शेजारी वाटीभर पंचामृत. काकूंनी माझाच तुरा पंचामृतात बुडवला आणि मूर्तीवर शिंपडला. एकदा नाही, एकवीसदा! दूध, दही, मध आणि त्यात मी. पूजा संपल्यावर तेच पंचामृत प्रत्येकाच्या तळहातावर घालायचं होतं.

“बोटं बधिर झालीत मेली,” काकू हात झटकत म्हणाल्या. “मुंग्या आल्यात. तुमच्या कॉव्हेंट्रीची हवाच थंड.”

तेवढ्यात ईरा जिन्यावरून आली, तबकाकडे बघितलं आणि थबकली.

“काकूआजी, स्टॉप! हा फ्लॉवर पॉयझन आहे. वुल्फ्सबेन!”

“ईरा, बेटा, वेअरवुल्फ खरे नसतात,” अंबरीश हसला आणि तळहात पुढे केला.

“वेअरवुल्फ नाही, बाबा! पण प्लांट रिअल आहे!”

“हो, हो. आधी तीर्थ घे.”

काकूंनी पळी उचलली. आणि त्या पोरीने, मित्रांनो, वाटीवर असा हात मारला की पंचामृत गालिच्यावर, चौरंगावर आणि बापाच्या रेशमी कुर्त्यावर.

“ईरा! व्हॉट इज राँग विथ यू?” अंबरीश गरजला.

“देवाचं तीर्थ लाथाडलं कार्टीने!” काकू कडाडल्या.

त्याच वेळी वरदा कामावरून आली. ती हॉस्पिटलात औषधं देते. रडणारी ईरा, तबक, काकूंची बोटं, तिने एकदाच पाहिलं आणि पर्स टाकली. “काकू, हात तोंडाला लावू नका. आधी साबणाने धुवा. अंबरीश, वन वन वनला फोन लाव, काय करायचं ते डॉक्टर सांगतील. नाऊ!”

काकूंच्या बोटांत संध्याकाळी जीव आला. पोटात कुणाच्याच काही गेलं नव्हतं. त्या पोरीमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरीश फावडं घेऊन माझ्यापुढे उभा. बघा हा न्याय! पाटी काढली याने, तुरे दिले याने, आणि फाशी मला.

“थांब.” काकू मागून आल्या, नऊवारीवर वरदाचा कोट. “वरदाने काल रात्री मराठी नाव शोधून दिलं. हा बचनाग. आमच्या गावचे वैद्य तो कुलपात ठेवायचे. नाव कळलं असतं तर मी हात लावला असता का?”

“म्हणूनच उपटतोय ना, काकू. सेफ्टी.”

“कसली सेफ्टी? पत्रीत आपण कण्हेर वाहतो, धोत्रा वाहतो. ते काय अमृत आहेत? पण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं कोण विषारी ते. झाड नको उपटूस. ते कुत्रं उपट.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी बाजू घेतली, आणि तीही जिचे हात मी बधिर केले तिने. कण्हेर काय, धोत्रा काय, माझ्याच वळणाच्या तापट बायका. त्यांना देवापाशी जागा आहे, कारण त्यांना लोक ओळखून आहेत.

बार्बेक्यूखालून पाटी निघाली. काकूंनी ती पदराने पुसली, पदराने! मग ईराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू लिही. तीर्थ सांडलं ते बरं केलंस.” ईराने जीभ बाहेर काढून, वाकड्या अक्षरांत, इंग्रजीत आणि मराठीतही लिहिलं, ‘बचनाग. विष आहे. हात लावू नको.’

मित्रांनो, लांडग्याच्या गोष्टी खुशाल सांगा. पण खोट्या लांडग्याला घाबरायच्या नादात खऱ्या विषाची पाटी उपटू नका. मला प्रेम नको, फुलदाणी नको. मला माझ्या नावाने ओळखा, पोरांना माझ्यापुढे उभं करून ते वाचायला लावा, आणि हात मागे बांधून खुशाल बघा.

अंबरीशवरचा माझा राग गेलेला नाही. त्याचा बार्बेक्यू हल्ली पुन्हा डगमगतो.

डगमगू दे.