राहिलेला तिसरा पापा

साओ पावलोच्या गे बारमध्ये भेटल्यावर गालाचा एकच पापा घेतात आणि मोकळे होतात. मिनास प्रांतातल्या डोंगराळ गावातून पहिल्यांदाच फिरायला आलेल्या इव्हाल्डोला हे कुठे माहीत! टेबलावरच्या काइकेनं पापा घेतला, आणि हा दुसरा गाल पुढे करून तसाच ताटकळला. अख्खं टेबल खो खो हसलं.

"काय रे, मान अवघडली की काय?"

"हसा लेकांनो, हसा!" इव्हाल्डो फणकारला. "आमच्याकडे तीन घेतात. तिसरा लग्न जमावं म्हणून."

काइकेला याची भारीच गंमत वाटली. बिअर बाजूला सारून त्यानं विचारलं, "सगळ्यांचेच तीन? तुझी आई तुझेही तीन घेते?"

"घ्यायची." इव्हाल्डो ग्लासाकडे बघत राहिला. "मला पुरुष आवडतात हे सांगितलं, तेव्हापासून दोनच घेते."

काइके उठला, त्यानं इव्हाल्डोचा चेहरा ओंजळीत धरला, राहिलेला दुसरा घेतला आणि मग तिसराही, अगदी सावकाश.

"घे. आईचा राहिलेला इथे मिळाला."

"एकच?" इव्हाल्डो म्हणाला. "दोन वर्षांचे थकलेत."