नऊ तासांचा हॉल्ट

हौसराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले त्याला सात वर्षं होऊन गेली, तरी कुणी नुसतं "कुठल्या गाडीनं जाऊ?" असं विचारलं की त्यांना अजून स्फुरण चढायचं. यंदा तर प्रश्न घरातलाच होता, आणि तोही विमानाचा. लेक वैष्णवी लंडनला, तिचं पहिलं बाळंतपण. लेकीनं माहेरी यायचं सोडून माहेरच तिच्याकडं निघालं होतं. सारजाबाई एकट्या जायच्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायच्या, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बायको न कण्हता पोचली पाहिजे, एवढा एकच घोर हौसरावांच्या जिवाला लागला होता. माणूस हेकट होता, पण बायकोवर जीव होता, हे दौंडात कुणीही सांगेल.

त्यांनी वही केली. चार विमान कंपन्या, त्यांपुढं रकाने. तिकीट कितीला, पाय पसरायला जागा किती, संडास किती खुर्च्या मागं, जेवणात वरणभात मिळतो का. एक कंपनी गरम रुमाल देत होती. "रुमालानं काय गुडघं शेकायचं व्हय?" म्हणून तिच्यावर काट मारली.

"आप्पा, थेट विमानानं पाठवा," वैष्णवी फोनवर म्हणाली. "दहा तासांत येईल आई."

"सलग दहा तास? अगं, मालगाडीसुद्धा मधी थांबती. उतरून पाय मोकळं कराया नकोत का?"

वहीत 'हॉल्ट' नावाचा पाचवा रकाना आला तो तेव्हा. चौथी कंपनी दुबईत नऊ तास थांबवत होती. तिला हौसरावांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

त्यालाही कारण होतं. दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत गाडी उभी राहायची. तेवढ्यात गाडीतल्या पाहुण्याला डबा पोचवायचा, हा या घरचा शिरस्ता. निमोणे गावचा भाऊबंद असो की लांबच्या मावशीचा जावई, दौंडावरून आपला माणूस उपाशी गेला न्हाई पायजे, असं हौसराव म्हणायचे. ते स्वतः ड्युटीवर असायचे. डबा घेऊन सारजाबाई जायच्या. गाडी दोन तास लेट झाली तर दोन तास फलाटावर उभ्या राहायच्या.

आणि दुबईत आपला माणूस होताच. शेजारचे सुभानभाई, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, त्यांचा सलमान तिथं नोकरीला. सुभानभाईंच्या बायकोनं, नूरबींनी, सुनेला, आयेशाला, फोनवरून पिठलं-भाकरी बारकाव्यानिशी समजावली. सलमाननं रजा टाकली. सारजाबाई एवढंच म्हणाल्या, "मी आपली थेट गेले असते." पण वही बंद झाली होती.

ठरल्या दिवशी भर दुपारी सलमानचा फोन आला.

"मामा, डबा घेऊन आलोय, पन आत सोडत न्हाईत. जायाला तिकीट लागतंय."

"मग फलाट तिकीट काढ की."

"तसलं काय नसतंय इथं. आन् मामीला भाईर यायचं तर व्हिसा लागतो."

पाच रकाने भरले, पण हा प्रश्न हौसरावांनी एकालाही विचारला नव्हता. नऊ तास, एकटी बाई, दुखरे पाय. त्यांनी घाईघाईनं सारजाबाईंना फोन लावला.

"बसलीय मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "खुर्ची बरी हाय. सलमान कुठं हाय?"

"भाईर. डबा घेऊन उभाय. म्हनतोय, मामीचं विमान उडंपतूर हलनार न्हाई."



"त्याला घरी जायाला सांगा. म्हणावं, डबा तूच खा बाबा, मामी रागवायची न्हाई."

"अगं, पन तू उपाशी—"

"मी बघीन माझं. त्याला उभं करू नका. माझं गुडघं काय बसून गेल्यात व्हय?"

हौसरावांनी फोन ठेवला आणि आधी सलमानला घरी जायला सांगितलं. मग वही घेऊन ते कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिले. परतीचं तिकीट त्यांनी थेट विमानाचं काढलं.