मुलीचे कोण?

कुरुळीत कांद्याची लागण आता औषधापुरतीच उरली आहे. दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मधे कोंडाजीचा एक तुकडा आहे. तो त्याने विकला नाही, एवढ्यावरून अर्धा गाव त्याला खुळा म्हणतो. खुळा नाही तो, हट्टी आहे. मी शेजारी आहे, मला माहीत आहे. बायको गेल्यापासून तीन मजली घरात एकटाच राहतो. मुलगा शेखर दिघीला असतो. दिघी काही लांब नाही, पण यायचंच नसलं की दिघीसुद्धा लांब पडते.

यंदा दिवाळीनंतर लागणीला मराठवाड्यातली टोळी आली. त्यात कस्तुरा होती. तिचा नवरा ऊसतोडीला सांगलीकडे गेलेला, आणि हिच्या पदरात दहा वर्षांची मोनिका आणि जेमतेम वर्षाचं पोरगं, संघर्ष. आमच्या शाळेतल्या निवेदिता बाई पालावर जाऊन पोरांना शाळेत घेऊन आल्या. मोनिका आली ती भावाला कडेवर घेऊनच. आई वाफ्यात वाकलेली, मग पोराला बघणार कोण? संघर्ष वर्गात असं भोकाड पसरायचा की बाईंचा पाढा बाईंनाच ऐकू येईना. शेवटी मोनिका यायचीच थांबली.

कोंडाजीने तिला बांधावर पोराला खेळवताना बघितलं आणि सरळ कस्तुराला म्हणाला, "पोरगं माझ्याकडं दे. हिला शाळंत धाड."

"तुमी सांभाळनार, मालक?" कस्तुराला खरंच वाटेना.

"का? मला हात न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून हा गडी शाळेच्या ओट्यावर पोराला मांडीवर घेऊन बसायला लागला. आत बहीण शिकतेय, बाहेर हा भावाला भाकरी कुस्करून भरवतोय. गावाला आयतंच मिळालं. कुणीही जाता-येता विचारायचं, "कोंडाजीराव, कितवीत हाय औंदा?" "तुझ्यापेक्षा वरच्या वर्गात हाय," हा म्हणायचा. शेखरचा फोन आला, मजुरांची पोरं सांभाळायची वेळ आलीय का तुमच्यावर? कोंडाजी म्हणाला, "तुझी कुठं देतोस मला सांभाळायला?" त्यानंतर शेखरने तो विषय काढला नाही. खरं तर कुठलाच काढला नाही.

मी एवढंच सांगेन की त्या दिवसांत कोंडाजीची दाढी वेळच्या वेळी व्हायची. पोरगं गालाला गाल लावायचं ना.

लागण उरकली. टोळी जुन्नरकडे निघणार, म्हणजे मोनिकाची शाळा पुन्हा बुडणार. कोंडाजीने दोन दिवस काढले कसेबसे, मग कस्तुराला म्हणाला, "पोरीला माझ्याकडं ठेव. घर केवढं पडलंय."

कस्तुराने पदर सारखा केला. मग खाली बघत म्हणाली, "घरात बाईमानूस न्हाई, मालक."

तिचं बरोबरच होतं. कोंडाजीला राग आला नाही, पण मला म्हणाला की हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला बायकोची आठवण झाली असणार.

मग निवेदिता बाईंनीच खटपट केली आणि राजगुरुनगरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मोनिकाला जागा मिळवली. सगळे मिळून पोचवायला गेले. बाई, कस्तुरा आणि मोनिका आत, आणि कोंडाजी नेहमीप्रमाणे बाहेर, पोराला घेऊन. दुसऱ्या दिवशी टोळीचा टेम्पो संघर्षलाही घेऊन गेला.

महिन्याचा पहिला रविवार भेटीचा असतो. मी कोंडाजीला मोटारसायकलवर घेऊन गेलो. पिशवीत त्याने स्वतः वळलेले शेंगदाण्याचे लाडू होते, वेडेवाकडे.

दारात वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, "मुलीचे कोण?"

कोंडाजी गडबडला. "कुरुळीचा हाय मी. ती आमच्या शाळंत हुती."

"नातं विचारतेय, बाबा. आईने मामाचं आणि मुकादमाचं नाव सांगितलंय. बाकी कुणाला भेटू देत नाही आम्ही. मुलींच्या काळजीपोटीच आहे हे."

बाई वाईट नव्हत्या. पण कोंडाजीचा चेहरा माझ्याच्याने बघवेना. टोळीकडे महिन्यातून दोनदा फिरकणाऱ्या मुकादमाचं नाव आहे आणि याचं नाही! मला कस्तुराचा संताप आला. मीच फोन लावून दिला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"मुकादमाचं नाव सांगितलंस, आन माझं न्हाई?" कोंडाजीने विचारलं. आवाज रागावल्यासारखा काढला होता, पण निघाला नाही तसा.

"तुमचं कसं सांगू, मालक?" कस्तुरा घाबरलीच. "जमिनीवाले तुमी. आमच्यासारख्यांनी तुमाला पोरीचा आजा म्हनावं, हे बरं दिसतंय का? मोनिका लई म्हनली, आज्याचं सांग, आज्याचं सांग. मीच दटावलं तिला."

तिने मान राखला होता. आणि त्या मानानेच त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. माझा संताप कुठल्या कुठे गेला.

"आता सांग मग," कोंडाजी म्हणाला. "हितं बाई हायत्या, त्यास्नी सांग."

"सांगते की. पन तुमी आधी घरच्यांला इचारा, मालक. उगं तुमच्या घरात बोलनं नको."

कोंडाजीने फोन कानाशी धरला, स्पीकर चालू असूनही.

"इचारलं," तो म्हणाला. "समदे व्हय म्हनत्यात."

"इतक्यात?"

"माणसं थोडी हायत आमच्यात," कोंडाजी म्हणाला, आणि फोन वसतिगृहाच्या बाईंच्या हातात दिला.